काठीला बांधलेलं घुंगरू

५ नोव्हेंबर २००६, रविवार

आजच्या रोहूचा खरा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण बायकोला, नईमाला, सांगितला तो खोटा आहे.

पेट्रोल, जाऊन-येऊन, ऐंशी. आमिषासाठी सरकीची ढेप आणि मैदा, पंधरा. विलायची घरच्याच डब्यातली, तिचे धरले नाहीत. पंक्चर दहा. खडकात अडकून तुटलेला गळ आणि दोरी तीस. सोबत आलेल्या भगवंतरावाचे पोहे आणि चहा बावीस, कारण त्याचं म्हणणं, "पेट्रोल तुयं तर पोहे बी तुयेच." झाले एकशे सत्तावन्न. मासा भरला दोन किलोला थोडा कमी. तेवढाच मासा जुन्या शहराच्या बाजारात एकशे वीसला, तोही खवले काढून.

पण बाजारातला मासा कोणी कानाने धरलेला नसतो.

ही वही मराठीत लिहितो त्याचं एक कारण, सातवीपर्यंत नगरपालिकेच्या मराठी शाळेत होतो. दुसरं कारण, नईमाला फक्त उर्दू वाचता येतं.

तर रोहू. धरणाखाली नदीच्या मधोमध सपाट खडक आहे. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जायचं आणि तिथे बसायचं. काठी दगडात रोवायची, टोकाला घुंगरू बांधायचं. घुंगरू आमच्या लेकीच्या, मिस्बाहच्या, पहिल्या पैंजणाचं आहे. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा घुंगरू अगदी नाजूक वाजतं, तेव्हा झटका द्यायचा. आमची वाटणी वीस वर्षांपासून ठरलेली. गाडी आणि कान माझे, भाकरी आणि झोप भगवंतरावाची. तो गमछा तोंडावर घेतो आणि म्हणतो, "तुये कान जागे हायेत ना बे, मंग मले काहून जागवतं?"

आज अकरा वाजता मी काठीकडे बघत बसलो होतो. भगवंतराव झोपेत कूस बदलत होता, त्याचा पाय माझ्या गुडघ्याला लागला. नेमक्या त्याच क्षणी मी झटका दिला आणि रोहू लागला! संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, मासा तोंड उघडतो तेव्हाच मला कळतं. कोणी हसलं नाही. माझ्या कानांना अकोल्यात कोणी हसत नाही. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं घालवली, बाराव्या वर्षी उस्तादाच्या पायाशी बसलो तेव्हापासून चालू मोटरीला कान लावूनच रोग सांगतो. हल्ली तर शेतकरी बाळापूरहून मोबाइल लावतात आणि फोन मोटरीपाशी धरतात. दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलंय : 'आवाजावरून मोटर तपासून मिळेल.'

नईमाने लसूण, खसखस, सुकं खोबरं भाजून रस्सा केला. डोक्याचा तुकडा भगवंतरावाला. तो आमच्याकडेच मासा खातो, दुर्गावहिनींच्या घरात चालत नाही. जाताना बेसन आणि लिंबाने कोपरापर्यंत हात धुतो, वर बडीशेप चावतो. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "ते बेसनाचा वास घेऊन आले की मले समजते, मासा खाल्ला."


९ नोव्हेंबर

बाळापूरचे रामराव जळलेली मोटर घेऊन आले. मागच्या महिन्यात मी ऐकून सांगितलं होतं, बेअरिंग ठणठणीत आहे. बेअरिंग जाम होऊन सगळं वाइंडिंग गेलं. मी म्हणालो, व्होल्टेज. रामराव म्हणाले, "व्होल्टेज त आमच्या जन्माआधीपासूनच कमी हाये, वाहेदभाई."

ते गेल्यावर मुजम्मिल, म्हणजे नईमाचा भाऊ, दुकानातला माझा भागीदार, म्हणतो, "दुल्हाभाई, उस दिन मोटर सीटी मार रही थी." मी म्हटलं, तेव्हा का नाही बोललास? तर पान्हा उचलून दुसऱ्या मोटरीकडे वळला. माझ्या कानावर बोलायची त्याची हिंमत नाही, आणि नसावीच.

धंद्याचं म्हणाल तर मोटरी खूप जळतात, पण लोक दुरुस्तीला आणून ठेवतात आणि न्यायला येत नाहीत. मागची खोली भरली आहे.


२६ नोव्हेंबर, रविवार

मासा नाही. दोनदा गळ टाकला, घुंगरू दोन्ही वेळा वाजलंच नाही, आमिष मात्र साफ. बहुतेक घुंगराचा मणी झिजला. मासेही हुशार झाले असतील.

घरी वेगळाच तमाशा. नईमा म्हणे, शेजारी जाते, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही आणि डाळीचा कोळसा झाला. नवी शिट्टी आणून दिली. नईमा माझ्याकडे बघत काहीतरी बोलली. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. मिस्बाहही. लग्नाचं वय झालं की मुली हळू बोलतात, ते चांगलंच.


१० डिसेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

भगवंतराव रात्रभर शेतात होता. या आठवड्यात वीज रात्रीची आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. खडकावर पोचल्या पोचल्या आडवा झाला, भाकरसुद्धा सोडली नाही. ऊन छान. आभाळात ढग नाही. नदी एवढी शांत की तळाचे दगड दिसत होते.

काठावर बायका लुगडी धूत होत्या. मधेच सगळ्या उठल्या, ओले पिळे तसेच घेऊन वर गेल्या. मला वाटलं, जेवायची वेळ. मग एक माणूस सायकलवरून काठाकाठाने येताना दिसला. धरणाचा चौकीदार पंजाबराव, ओळखीचा आहे. त्याने दोन्ही हात हलवले. मीही हात हलवला.

मीही हात हलवला. हे मी विसरू शकत नाही.

मग पाण्याचा रंग बदलला. घोटा बुडाला, खडकाची कड बुडाली. मी भगवंतरावाला गदागदा हलवलं. तो उठला तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं. खाली बंधाऱ्यांसाठी धरणातून पाणी सोडलं होतं. त्याला पोहता येत नाही. मी त्याचा हात धरला, चार पावलं गेलो आणि तो घसरला. पाय दोन दगडांत गेला. मला तो हाड मोडल्याचा कडाका ऐकू आला, पाण्याच्या आवाजातसुद्धा. त्याचं डोकं पाण्याखाली. मी वर खेचतो, पाणी खाली खेचतं.

बायकांनी लुगड्यांना गाठ मारून फेकली. पंजाबराव कमरेएवढ्या पाण्यात उतरला, त्याने ते टोक हातात धरून आम्हा दोघांना ओढून काढलं. भगवंतराव निळा पडला होता. पालथा घातला तेव्हा पाणी ओकला आणि शिवी दिली. शिवी ऐकून मी रडलो.

मग मी पंजाबरावाची कॉलर धरली. "शिट्टी काहून नाई मारली बे? पाणी सोडायच्या आधी शिट्टी मारायची असते ना तुले?"

शिट्टी त्याच्या गळ्यातच लोंबत होती. बायका सगळ्या एकदम बोलायला लागल्या, काय ते कळलं नाही.


११ डिसेंबर

भगवंतराव अकोल्यात हाडाच्या डॉक्टरकडे. मांडीचं हाड दोन ठिकाणी. छातीत पाणी गेलं म्हणून ताप. डॉक्टर म्हणतात दोन दिवस काही सांगता येत नाही.

सकाळी नदीकाठच्या एका माणसाने माझी काठी दुकानात आणून दिली. दूर खाली झाडाला अडकली होती, म्हणे. गळाला मरळ लागलेली, हातभर लांब, एवढी मोठी मी आयुष्यात धरली नव्हती. घरी नेली तर नईमाने पिशवीत बघितलं आणि पिशवी बांधून गल्लीच्या टोकाला एका घरी देऊन आली. घरात कोणी जेवलं नाही.

दुर्गावहिनी दवाखान्यात बाकावर बसून आहेत. काहीतरी बोलल्या. मी मान हलवली. त्या माझ्याकडे विचित्र बघत राहिल्या.


१४ डिसेंबर

ताप उतरतोय. भगवंतरावाचा मुलगा नितेश अमरावतीहून आला आहे, शाळेत मास्तर आहे. तो गप्प बसणारा नाही. "वाहेदकाका, माणूस मेला असता. चौकीदार झोपून होता, तुमी साक्ष द्या." मी दिली. का देऊ नये?

धरणावरचे साहेब सभ्य आहेत. म्हणाले, "पंजाबराव म्हणतो वरपासून खालपर्यंत वाजवत आला. बायकाही तेच म्हणतात."

नितेश म्हणाला, "त्या त्याच्याच गावच्या."

साहेब मला म्हणाले, "अंतर असेल. तुम्हाला ऐकू आली नसेल."

मी हसलो. "साहेब, तुमच्या या पंख्याचं बुश गेलं आहे. उन्हाळ्याच्या आत काढून घ्या, नाहीतर डोक्यावर येईल." साहेबांनी वर पाहिलं, शिपायाने वर पाहिलं. शिपाई म्हणाला, "सायेब, हे जुन्या शहराचे वाहेदभाई. फोनवरून मोटर ओळखतात." साहेब म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

मी सही केली : शिट्टी वाजली नाही. पंजाबराव रोजंदारीवर आहे. त्याला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. कायमचं काय ते आठ-दहा दिवसांत ठरेल.

बाहेर तो सायकल धरून उभा होता. मला बरं वाटलं नाही, पण खरं ते खरं.


१७ डिसेंबर, रविवार

भगवंतराव बोलायला लागला. पाय टांगलेला, तरी तोंड चालू. "नर्सबाई भगर देते बे. माशाचा रस्सा आणत जा डब्यात, दुर्गा गेली की."

मग हळूच म्हणतो, "वाहेद, एक इचारू? त्या दिवशी मले झोपेत शिट्टी आयकू आली होती."

मी म्हटलं, स्वप्न असेल.

"असन. पण आली होती. लय वेळ वाजली. म्या म्हटलं, वाहेद हाये ना जागी. अन् मंग पडून राहिलो."

ताप नुकता उतरलाय, बडबडतो. दवाखान्यातून दुकानापर्यंत पायी आलो. मोरणा नदीच्या पुलावर उगीच थांबलो. गाडी दवाखान्यातच राहिली हे दुकानात आल्यावर लक्षात आलं.


१८ डिसेंबर

पंजाबराव दुकानात आला. भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी. रामरावही त्यांच्या मोटरीसाठी आलेले. मला वाटलं भांडायला आला. मी उठून उभा राहिलो.

तो म्हणाला, "भाई, मी शिकलेला नाई. मले साक्ष-गिक्ष समजत नाई. तुमी फक्त एक सांगा. ही वाजते का नाई?"

गळ्यातली शिट्टी काढली. तोंडात धरली. गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या.

मुजम्मिलने कानांवर हात ठेवले. रामराव दचकून मागे सरले. समोरच्या दुकानातला कापडवाला गज हातात घेऊन धावत बाहेर आला. गल्लीत कुत्रं उठून उभं राहिलं.

आणि मला ऐकू आलं ते एवढंच, कोणीतरी लांब ट्यूबमधली हवा सोडल्यासारखं.

तो थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय करावं? मी म्हणालो, "वाजते."

पंजाबराव चांगला माणूस आहे. माझ्याकडे दोन क्षण बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला कळलं. त्याने शिट्टी खिशात घातली आणि गेला. रागात गेला असता तर बरं झालं असतं.


रात्री

नईमाला म्हटलं, घुंगरू आण. माझ्या मागे उभी राहा आणि वाजव.

बराच वेळ गेला. मी म्हटलं, वाजव ना.

ती पुढे आली. डोळ्यांत पाणी, हात अजून हलतोय, घुंगरू तिच्या बोटांत नाचतंय. बिनआवाजी. मिस्बाह दारात उभी होती, तोंडावर ओढणी धरून.

नईमा माझ्या तोंडासमोर येऊन बोलली, तेव्हा नीट कळलं. "दो साल से चिल्ला रही हूँ मैं. पूरी गल्ली को मालूम है आज अपने घर क्या पका."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"सुनता कौन?"


१९ डिसेंबर

दुकानात गेलो नाही. मोटरींचा घोंघाट, हातोडे, टेस्टिंगच्या बाकाला लावलेला कान, हे सगळं आठवत बसलो. दरवेळी उजवा कान लावायचो. मग डावाही लावायला लागलो, का ते आता कळतंय.

खरं लिहितो, वही माझीच आहे. सकाळपासून मनात एकच चाललंय : कोणाला कळणार? पंजाबराव बोलला तरी त्याचं कोण ऐकतं? रामरावांनी पाहिलं, पण मी 'वाजते' म्हणालो. आठवडा सरला की त्याचं ते ठरेल, माझं माझं. पाटी तशीच राहील. मिस्बाहसाठी बुऱ्हाणपूरचं स्थळ आलंय, त्यांना सांगितलंय, मुलीचा बाप अकोल्यात नावाजलेला कारागीर आहे. साक्ष फिरवली तर सगळ्या वऱ्हाडात होईल, वाहेद बहिरा. बहिऱ्याकडे मोटर कोण आणणार?

आणि तो लुगड्याचं टोक धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

त्याला मी हात हलवून दाखवला होता.


२२ डिसेंबर

काल कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कानांवर डबे लावतात, आवाज आला की हात वर करायचा. जाड आवाजाला हात वर केला. मग बराच वेळ शांतता होती. मला वाटलं मशीन बिघडलं, तसं म्हणालोही. डॉक्टर म्हणाले, मशीन चालू आहे.

आज साहेबांकडे गेलो, नितेशला घेऊन. त्याला गाडीवरच सांगितलं. तो इतका गप्प झाला की मी दोनदा मागे वळून पाहिलं, पडला की काय.

साहेबांना डॉक्टरांचा कागद दिला. म्हटलं, साक्ष खोटी निघाली. शिट्टी वाजली होती, मलाच ऐकू आली नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "पण तो पंखा?"

"पंख्याचं खरं आहे साहेब. घरघर ऐकू येते. बारीक आवाज येत नाही. शिट्टी, घुंगरू, बायका."

शिपाई हसला. त्याचं हसू मला ऐकू आलं, काय नशीब.

पंजाबराव सोमवारपासून कामावर. मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. त्याने बसायला पोतं टाकलं, चहा दिला. घरातून त्याची बायको कौशल्या लांबून काही बोलली, चांगलं नसावं. मी काय माफी मागितली ते लिहीत नाही. तो म्हणाला, "भाई, पुढच्या खेपेले कोनी हात हलवला त उलटा हात हलवू नका. उठा."


२९ डिसेंबर

पाटीवरची ती ओळ रंगाखाली झाकून घेतली. खाली कोरी पट्टी राहिली आहे, पेंटर म्हणाला काय लिहू, मला काही सुचलं नाही. रामरावांची मोटर नवी तार भरून फुकट दिली. बेअरिंग मुजम्मिलने ऐकलं. माझ्या बाकावर बसताना तो एवढा अवघडला होता की मीच खांदा दाबून बसवला.

बुऱ्हाणपूरवाल्यांना नईमाने स्वतःच फोन लावला. काय बोलली माहीत नाही. स्थळ अजून मोडलेलं नाही.


७ जानेवारी २००७, रविवार

भगवंतराव घरी आला. आज एकट्यानेच नदीवर गेलो, काठावरच बसलो, आणि घुंगराकडे कान न देता दोरीवर बोट ठेवून बसलो. दुपारपर्यंत एक लहानसा रोहू बोटाला कळला. पाऊण किलोही नसेल. तो घेऊन त्यांच्या गावी गेलो.

दुर्गावहिनी दारात आडव्या आल्या. माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सावकाश बोलल्या, "वाहेदभाऊ, चुलीवर नाई. गोठ्यात स्टो मांडा. भांडं तुमचंच." एवढं त्यांनी वीस वर्षांत कधी दिलं नव्हतं. मी गोठ्यात रस्सा केला, नईमाने मसाला वाटून दिला होता. बैल माझ्याकडे बघत होते. वहिनींनी लांब उभं राहून तिखट कमी आहे म्हणून सांगितलं, वासावरून.

भगवंतराव खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. डोक्याचा तुकडा त्याला. काटे चोखत म्हणतो, "दिवाळीनंतरचा तो रोहू मोठा होता बे."

मी म्हटलं, "होता. निदान तो तरी कानाने धरला होता."

तो खायचा थांबला. खिडकीकडे बघू लागला, मग माझ्याकडे. दुर्गावहिनी बडीशेप घेऊन आल्या.

"वाहेद," तो माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने म्हणाला, "मले वाटे घुंगरू वाजलं तरी तू मुद्दाम थांबतं, मासा चांगला गिळू दे म्हणून. तुले आयकू येत नाई हे मले काय ठाव?"

पाच नोव्हेंबरला घुंगरू वाजलं ते भगवंतरावाने ऐकलं होतं. त्याने मला लाथ मारली होती.